खापराची साक्ष

चातुर्मासात आमच्या देवळात महाभारताचे वाचन चालते. या खेपेच्या पत्रिकेत ‘उत्खननाने सिद्ध झालेला इतिहास’ असे शब्द छापावे, असा काही मंडळींचा आग्रह होता. मी ते गाळावयास सुचविले. तेव्हापासून काही स्नेही मला अर्धा नास्तिक समजतात. त्यांच्यापुढे ही माझी लेखी कैफियत.

प्रथम अनुकूल पुरावा, कारण तो खरोखरच लक्षणीय आहे. मीरत जिल्ह्यातील हस्तिनापूर येथे गंगेच्या जुन्या पात्राकाठी ब्रजबासी लाल यांनी 1950 ते 1952 या काळात उत्खनन केले. राखी रंगावर काळी नक्षी काढलेली पातळ खापरे ज्या थरात मिळतात, त्या थरातील वस्ती महापुराने उद्ध्वस्त झाल्याचे त्यांस आढळले. हा पूर त्यांनी इसवी सनापूर्वी 800 च्या सुमाराचा मानला. इकडे पुराणे सांगतात की, जनमेजयानंतर काही पिढ्यांनी निचक्षु राजाच्या वेळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेले आणि राजाने राजधानी कौशांबीस हलविली. अहिच्छत्र, मथुरा, कुरुक्षेत्र या भारतातील स्थळीही तीच खापरे निघाली. हे सर्व वाचताना मलाही आनंद झाला, हे नाकारीत नाही.

तथापि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच. लाल पुराण वाचून तेथे गेले होते. पूर शोधणाऱ्यास पूर सापडला, अशी शंका प्रतिपक्षाचा वकील घेणारच. त्या थरात राजवाडा नाही. मातीच्या आणि कुडाच्या भिंती आहेत, जळलेले तांदूळ आहेत, घोड्याची हाडे आहेत. अक्षर मात्र एकही नाही. खापर आपल्या धन्याचे नाव सांगत नाही.

दुसरी अडचण कालाची. बेळगावकरांस ऐहोळे काही फार दूर नाही. तेथील मेगुती देवळावर रविकीर्तीने शके 556 मध्ये, म्हणजे इ. स. 634 च्या सुमारास, कोरविलेल्या लेखात भारतयुद्धाला 3735 वर्षे झाल्याचे म्हटले आहे. या हिशेबाने युद्ध इसवी सनापूर्वी 3100 च्या आसपास पडते. आमचे स्नेही एका हातात ऐहोळेचा शिलालेख आणि दुसऱ्या हातात हस्तिनापूरचे खापर घेऊन येतात. दोहोंत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे, याकडे त्यांचे लक्ष जात नाही. शिवाय शिलालेख सिद्ध करतो तो रविकीर्तीचा समज. युद्धाच्या बाबतीत त्याची साक्ष ऐकीवच.

द्वारकेविषयी थोडेच लिहितो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे शि. रं. राव यांनी तेथील समुद्रतळ धुंडाळला, भिंती व दगडी नांगर पाहिले आणि श्रीकृष्णाची नगरी सापडल्याचे प्रतिपादन केले. पुढे त्याच संस्थेतील संशोधकांनी त्यांतील बऱ्याच अवशेषांचा काळ पुष्कळ अलीकडे आणला. पहिली बातमी घरोघर पोहोचली. दुसरी पोहोचली नाही.

आमच्या कायद्यात गोष्टी तीन प्रकारच्या असतात: सिद्ध, असत्य ठरलेली, आणि सिद्ध न झालेली. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील ही वाटणी 2023 च्या नव्या कायद्यानेही राखली आहे. भारतयुद्ध मी तिसऱ्या प्रकारात घालतो, आणि ऐकणारा ते दुसऱ्या प्रकारात घातले असे समजून रागावतो! ज्या मुलाला आज ‘खापरांमुळे कृष्ण खरा’ असे शिकविले, त्याने उद्या खापराचा काळ बदलल्याचे वाचले, तर तो आपल्या आजीच्या जपमाळेकडे कोणत्या नजरेने पाहील? माझी चिंता ती आहे. आजीने कधी खापर मागितले नव्हते.

निचक्षूची हकीकत मात्र मला युद्धाहून अधिक विश्वसनीय वाटते, आणि त्याला कारण वकिली आहे. आपल्या नायकांच्या वंशजांची राजधानी नदीने गिळली, राजाला गाशा गुंडाळावा लागला, ही काही गौरवाची गोष्ट नव्हे. स्तुती करावयास बसलेला माणूस असे मुद्दाम रचीत नाही. स्वतःच्या पक्षाविरुद्ध दिलेल्या अशा कबुलीस न्यायालयातही वजन असते. म्हणून त्या पुराची आठवण पुराणाने राखली असणे मी संभाव्य मानतो. त्यापुढे जावयास मजजवळ कागद नाही. पत्रिकेत मी सुचविलेले शब्द ‘महाभारत-वाचन, रोज सायंकाळी सहा वाजता’ एवढेच होते.