मागचा बाक

प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणं, हेच माझं आयुष्यभराचं काम. १९८७पासून आपल्याकडे अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं आली, उजळणी वर्ग सुरू झाले. मी पाहिलेल्या वर्गांत भर मात्र विषयज्ञानावरच असे. मला ओढ मागच्या बाकाची. आज तिथून एक तास पाहिला. ‘समजलं ना?’ विचारून बाई लगेच फळ्याकडे वळल्या. शेजारच्या मुलाच्या वहीत तारखेखाली काहीच नव्हतं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तास संपल्यावर बाईंना म्हटलं, ‘प्रश्न विचारलात की खडू खाली ठेवत जा.’ नव्या प्राध्यापकाला पहिल्याच वर्षी असं सांगणारं कुणीतरी मिळायला हवं. पदोन्नतीसाठी लागणारं उजळणी वर्गाचं प्रमाणपत्र काय, नंतरही मिळतं.