मेंढा न आलेलं चित्र

इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये शिरून पूर्वेकडं चालत राहिलं की पायऱ्या लागतात. थोडं पुढं गेलं की पुन्हा पायऱ्या. हे चर्च आतल्या आत चढत जातं. पायऱ्यांचे दगड मधोमध खोलगट झालेत. जेजुरीचा गड चढलेल्याला ही झीज ओळखीची वाटेल. इथं मात्र यात्रेकरू गुडघ्यांवर चढत.

चढत ते थॉमस बेकेटसाठी. 29 डिसेंबर 1170 च्या संध्याकाळी, राजा दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी या आर्चबिशपला इथंच, चर्चच्या आत, तलवारीनं मारलं. भांडण चर्चच्या हक्कांचं होतं. गुन्हा केलेल्या धर्मगुरूचा न्याय कुणी करायचा, राजानं की चर्चनं? (आज कुणी मत विचारलं तर माझं राजाच्या पारड्यात पडेल.) पण घावानं कवटीचा वरचा भाग उडाला, आणि लोकांपुरता वाद मिटला. 1173 मध्ये बेकेट संत झाला. पुढच्याच वर्षी आगीत चर्चचा पूर्वभाग जळाला. तो नव्यानं बांधताना अगदी टोकाला एक गोलसर दालन काढलं आणि कवटीचा तुकडा तिथं ठेवला. दालनाला म्हणतात कॉरोना, म्हणजे मुकुट.

मी आले होते तिथल्या मधल्या खिडकीसाठी. सुमारे 1200 सालची ही खिडकी. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातू मिसळून निळा, लाल रंग आणलेला; चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या तेवढ्या वरून काळ्या रेघांनी काढलेल्या. तिच्या एका भागात मध्ये वधस्तंभावरचा ख्रिस्त, आणि त्याच्याभोवती बायबलच्या जुन्या करारातली चार चित्रं. खडकावर काठी मारून पाणी काढणारा मोशे. वल्हांडणाच्या रात्री कोकराचं रक्त दाराला लावणारा माणूस. द्राक्षांचा घड वाहणारे दोघे. आणि पोटच्या पोराला, इसहाकाला, बळी द्यायला निघालेला अब्राहाम.

या शेवटच्या चित्रापाशी मला चिलया बाळ आठवला. तीच परीक्षा, तेच आईबापाचं काळीज, आणि शेवटी पोर परत. इसहाकाच्या जागी झुडपात अडकलेला मेंढा येतो. मधल्या चित्रात मात्र मेंढा येत नाही. आपल्याकडं बळी माणसानं देवाला द्यायचा: बोकड, कोंबडं, निदान नारळ तरी. ख्रिस्ती श्रद्धेत दिशा उलटी. देणारा देव, दिलेला त्याचाच पुत्र, आणि तोही एकदाच, सगळ्यांसाठी. म्हणून पुन्हा पशू कापायला नको. बेकेटच्या कवटीपुढं टेकलेल्या माणसानं मान वर केली की हे दिसावं, अशी ही मांडणी. संताचं रक्त खाली, ज्याच्यासाठी ते सांडलं तो वर.

द्राक्षांच्या चित्रानं मात्र माझा हिरमोड केला. कनान देश हेरायला गेलेले दोघे अष्कोलच्या खोऱ्यातून खांद्यावरच्या दांड्याला भला मोठा घड टांगून आणताहेत. दांडा म्हणजे वधस्तंभ, घड म्हणजे ख्रिस्त. इथवर सुंदरच आहे. पण मध्ययुगात याचा अर्थ असाही लावत, की घडाकडं पाठ असलेला पुढचा माणूस म्हणजे ज्यू, ज्यानं ख्रिस्ताला ओळखलं नाही. मागचा ख्रिस्ती, ज्याची नजर घडावर आहे. काच घडवली तेव्हा गावात ज्यू राहत होते. 1290 मध्ये पहिल्या एडवर्डनं त्यांना इंग्लंडबाहेर काढलं. ज्यूरी लेन हे गल्लीचं नाव तेवढं अजून आहे.

बेकेटची समाधी 1538 मध्ये आठव्या हेन्रीनं उखडली. शंभरएक वर्षांनी प्युरिटनांनी शिड्या लावून बऱ्याच काचा फोडल्या. दुसऱ्या महायुद्धात मात्र जुन्या काचा वेळीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून 1942 च्या बॉम्बहल्ल्यातून त्या वाचल्या.

गेलात तर सकाळीच जा, कॉरोना पूर्वेला आहे. आणि दुर्बीण न्या. परतताना आग्नेय बाजूच्या दालनात थांबा. तिथल्या खिडक्या एर्विन बोशानी या कलाकाराच्या; त्यांचं काम 1950 च्या दशकात त्यांना दिलं गेलं. एकीत जगभरच्या मुलांना जवळ घेणारा ख्रिस्त आहे. बोशानी हंगेरीतल्या ज्यू घरात जन्मले होते, आणि 1934 मध्ये हिटलरची जर्मनी सोडून इंग्लंडला आले होते.