पसरणी घाटावरून आणलेली स्ट्रॉबेरी

वाई सोडली की थोड्याच वेळात पसरणी लागते. शाहीर साबळे यांचे हे गाव. गावाच्या पुढे घाट सुरू होतो आणि बारा-तेरा किलोमीटरांत गाडी पाचशे मीटरहून जास्त उंची चढते. मागे वळून पाहिले तर वाईची घरे, उसाची शेते आणि धोम धरणाचे पाणी एकाच नजरेत येते. फेब्रुवारीत डोंगर पिवळे पडलेले असतात, पाणी मात्र निळेशार. घाट संपता संपता कानात दडे बसतात, हवा गार लागते आणि रस्त्याच्या कडेला लाल फळांच्या डब्या मांडलेल्या दिसू लागतात.

आमचे अब्बा या घाटातून एसटी चालवत. वाईहून महाबळेश्वर, तिथे रात्रीचा मुक्काम आणि पहाटेची गाडी घेऊन परत. थंडीच्या दिवसांत ते घरी आले की सीटमागे ठेवलेली स्ट्रॉबेरीची करंडी त्यांच्या हातात असायची. बाजारात पाठवता येणार नाही असे, फार पिकलेले, लहान-मोठे फळ. अम्मी त्याचा मुरब्बा करत. आम्ही भावंडे त्याला जॅम म्हणायचो. अम्मींनी आजवर तो शब्द वापरलेला नाही.

गेल्या सप्टेंबरात अब्बांचा इंतकाल झाला. पवित्र कुरआनातील सूरह बकरात विधवेच्या इद्दतीची मुदत चार महिने दहा दिवस सांगितली आहे. अम्मींनी ती वाईच्या घरातच पुरी केली. आम्ही तिघे भावंडे आळीपाळीने येऊन राहिलो. दोघे पुण्याहून यायचे, बहीण साताऱ्याहून. अम्मी नमाज पढत, तिलावत करत, समोर ठेवलेले दोन घास खात. स्वयंपाकघरात मात्र त्यांनी पाऊल टाकले नाही. चाळीस वर्षे ज्या ओट्यापाशी त्या उभ्या राहिल्या, तिकडे पाहतही नव्हत्या. जानेवारीच्या अखेरीस इद्दत संपली आणि नातेवाइकांचा एकच प्रश्न सुरू झाला, ‘आता अम्मींना कोण नेणार?’

पुण्यात दोन फ्लॅट आहेत, साताऱ्यात बहिणीचे घर आहे. कुठेही त्यांची जागा होती. वाईच्या दोन खोल्यांचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. मयताला मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीच्या दुप्पट मुलाला, हा शरियतचा हिशेब आम्हां सर्वांना ठाऊक होता. कागदावर वाटणी सोपी होती. पण दोन खोल्यांचा आठवा हिस्सा म्हणजे नेमकी कोणती भिंत, असे धाकट्या सुनेने विचारले आणि सगळे गप्प झाले.

पुढच्या रविवारी नातवंडांनी हट्ट धरला, दादीला घेऊन पाचगणीला जायचे. अम्मींनी नाही म्हटले नाही. फक्त म्हणाल्या, “येताना भिलारवरून येऊ.”

पाचगणी म्हणजे डोंगरावरची शाळांची वस्ती. जुन्या दगडी इमारती, सिल्व्हर ओकची उंच झाडे, गणवेशातली रांगेने चालणारी मुले. अंजुमन-ए-इस्लामची निवासी शाळाही इथेच आहे. आम्ही टेबल लँडवर गेलो. लाव्हाच्या थरांनी बनलेले हे सपाट पठार एवढे विस्तीर्ण आहे की मुले पळत गेली ती ठिपक्यांएवढी झाली. अम्मी एका दगडावर बसून राहिल्या. साडेचार महिन्यांनी त्या उघड्या आभाळाखाली बसल्या होत्या. कोणी काही बोलले नाही आणि बोलण्याची गरजही नव्हती.

या भागात स्ट्रॉबेरी आणली इंग्रजांनी. थंड हवा, लाल माती आणि पाण्याचा निचरा होणारे उतार तिला मानवले. आज महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे. ते २०१० साली मिळाले. इथल्या फळावर प्रक्रिया करणारा उद्योगही जुना आहे. मॅप्रोची सुरुवात १९५९ मध्ये पाचगणीतच झाली. पावसाळा सरताना गादीवाफ्यांवर रोपे लावतात, त्यावर प्लास्टिकचे आच्छादन घालतात, ठिबकने पाणी देतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फळ हाती येऊ लागते आणि मार्चपर्यंत तोडा चालतो. फळ देठासकट हाताने खुडावे लागते, तेही सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी. एक दिवस उशीर झाला की फळ मऊ पडते आणि दूरच्या बाजाराला चालत नाही. असे मऊ फळ जॅमला जाते.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. घराघरांत पुस्तकांची कपाटे आहेत, कोणीही जाऊन बसावे आणि वाचावे. आमच्या मुली एका घरात पुस्तके चाळत बसल्या. अम्मींना मात्र एका मळ्यावर जायचे होते. अब्बांना करंडी देणाऱ्या शेतकऱ्याचा तो मळा. ते बाबा आता राहिले नाहीत, मुलगा शेती पाहतो. अम्मींनी ओळख सांगितली तेव्हा त्याने हातातले क्रेट खाली ठेवले.

“ड्रायव्हरचाचांच्या घरच्या तुम्ही? बसा की चाची. चाचांची गाडी यायच्या टायमाला आमचा बा करंडी घेऊन फाट्यावर उभा असायचा.”

“ते गेले,” अम्मी म्हणाल्या. “सप्टेंबरात.”

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “कळलंच नाही आम्हाला.” त्याच्या बायकोने चहा आणला. निघताना त्याने सहा किलो फळ दिले आणि पैसे घ्यायला तयार होईना. अम्मींनी त्याच्या मुलाच्या खिशात नोटा घातल्या आणि म्हणाल्या, “त्यांनी कधी फुकट नेलं नव्हतं.” अब्बा करंडीचे पैसे देत होते, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

पिकलेल्या स्ट्रॉबेरीला थांबायला वेळ नसतो. मगरिबच्या आत आम्ही वाईला पोचलो. नमाज झाली आणि अम्मी उठून स्वयंपाकघरात गेल्या. वरच्या फळीवरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले त्यांनी स्वतः काढले.

पुढचे काम सगळ्या घराचे होते. वाचक भगिनींना उपयोगी पडेल म्हणून ते क्रमाने सांगतो. फळ आधी धुवायचे आणि मगच देठ काढायचे, उलट केले तर फळात पाणी शिरते. सडलेले, बुरशी लागलेले बाजूला काढायचे. सहा किलोतून पाच किलो फळ उरले. किलोला पाऊण किलो साखर या मापाने पावणेचार किलो साखर आणि किलोला दोन याप्रमाणे दहा लिंबांचा रस लागणार होता. साखर फळावर घालून पातेले रात्रभर झाकून ठेवले. सकाळी फळ आपल्याच रसात बुडालेले होते. पाण्याचा थेंबही घालावा लागत नाही.

जॅम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. पेरू आणि सफरचंदात ते भरपूर असते, स्ट्रॉबेरीत कमी. म्हणून लिंबू हवे. लिंबाची आंबटी पेक्टिनला साखरेशी धरायला मदत करते. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, आंबट रस त्याला खातो. सगळे एकदम शिजवायलाही घेऊ नये. आम्ही तीन घाणे केले. प्रत्येक घाण्याला मोठ्या आचेवर अर्धा-पाऊण तास लागला. वर येणारा फेस काढत राहायचे आणि लाकडी उलथने तळापर्यंत फिरवत राहायचे.

थोरला नातू इंजिनीअरिंगला आहे. त्याने फोनमध्ये पाहून सांगितले की १०५ अंशांना जॅम तयार होतो. ते समुद्रसपाटीचे माप आहे. वाईसारख्या उंचावर पाणी लवकर उकळते, त्यामुळे हा आकडाही दोनेक अंशांनी खाली येतो. अम्मींचे माप वेगळे आहे. थंड बशीवर एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचे आणि बोटाने सरकवायचा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. सुरकुती पहिल्यांदा धाकट्या नातीला दिसली. “दादी, झाला!” ती ओरडली आणि अम्मी हसल्या. सप्टेंबरनंतर त्यांचे हसणे आम्ही पहिल्यांदा ऐकले.

विकतच्या जॅमबद्दल आपल्या घरांत नेहमी विचारणा होते, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लेबलवर ४४० हा क्रमांक दिसला तर ते पेक्टिन असते आणि ते फळांपासून काढतात, जिलेटिन नव्हे. दुसरे असे की आपल्याकडच्या नियमांत जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ असावे असे म्हटले आहे, पण स्ट्रॉबेरीसाठी ही अट २५ टक्क्यांवर आणलेली आहे. घरी आपण एक किलो फळात सव्वा किलो जॅम काढतो. चवीतला फरक तिथूनच येतो.

मुरब्बा हा शब्द अरबी आहे आणि मराठीतला मुरंबा त्याच्यापासूनच आला. अरबीत त्याचा अर्थ ‘ज्याला वाढवले, जोपासले ते’ असा होतो. ज्या क्रियापदापासून तो बनतो, त्याच क्रियापदापासून तरबियत हा शब्दही बनतो. मुलाला वळण लावणे आणि फळ साखरेत मुरवणे यांना त्या भाषेत एकच मूळ आहे. दोन्हींत आच लागते, दोन्हींत वेळ द्यावा लागतो आणि समोर उभे राहावे लागते. पातेल्यावर झाकण ठेवून बाहेर निघून गेले की तळ करपतो. त्या सकाळी ओट्यापाशी तीन पिढ्या उभ्या होत्या. कोणी लिंबे पिळत होते, कोणी उकळत्या पाण्यातून बाटल्या काढून कोरड्या करत होते. एरवी एकाच खोलीत बसून पाच फोनांत पाहणारी मुले एका पातेल्यात पाहत होती.

दुपारपर्यंत पंधरा बाटल्या भरल्या. जॅम गरम असतानाच भरून झाकण घट्ट लावायचे, म्हणजे तो टिकतो. अम्मींनी बाटल्या जमिनीवर मांडल्या आणि वाटणी सुरू केली. तीन थोरल्याला, तीन धाकट्याला, तीन मुलीला. एक भिलारला पाठवायची. दोन शेजारी. अब्बांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून आलेली ती दोन घरे, एक मुस्लिम आणि एक हिंदू. उरल्या तीन. त्या उचलून अम्मींनी आपल्या फळीवर ठेवल्या.

“ह्या इथंच राहतील,” त्या म्हणाल्या. “आणि मी पण.”

थोरला म्हणाला, “अम्मी, तू एकटी कशी राहणार?”

“एकटी कुठं? भिंतीपलीकडं माणसं आहेत. तुमच्याकडं येईन, राहीन, परत येईन. पण माझी चूल इथं आहे.”

त्यावर वाद झाला नाही. त्याच दिवशी बसून आम्ही ठरवले की अम्मी आहेत तोवर घर जसे आहे तसेच राहील. प्रत्येकाचा हिस्सा लिहून ठेवला, सर्वांनी सह्या केल्या, म्हणजे पुढे मुलांत कटुता नको. बहीण दर शुक्रवारी साताऱ्याहून येते. आम्ही पुण्याहून आळीपाळीने रविवारी येतो. फजरनंतर अम्मींचा फोन कोणाला करायचा, याची पाळी नातवंडांनी लावून घेतली आहे. औषधांचे डबे आठवड्याचे भरून ठेवतो. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे. शेजारची मुलगी रात्री अभ्यासाला येऊन अम्मींकडेच झोपते.

अनेक घरांत हा प्रश्न आज आहे. वडील जातात, आई उरते आणि तिला कोणी न्यायचे यावर फोनाफोनी चालते. उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल. एखाद्या आईला लेकाच्या घरीच बरे वाटेल, एखादीची तब्येत एकटे राहण्यासारखी नसेल. पण हा प्रश्न तिच्यासमोर बसून, तिच्या हाताला काही काम असताना विचारला, तर तिचे उत्तर ऐकू येते, एवढे आम्ही पाहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रमजान आला. पहिल्या सहरीला अम्मींनी तिघांनाही फोन केला. त्यांनी ज्वारीच्या भाकरीवर साय आणि मुरब्बा घेतला होता. अब्बांचा आवडता घास. “तुम्ही काय खाल्लं?” त्यांनी विचारले. तिन्ही घरांत बाटली उघडलेली होती.