कणकेची पाळी

आज आषाढी. घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तरी दुपारी मी मूठभर कणीक भिजवली, ती पखवाजासाठी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय ‘धूम’ निघत नाही. घट्ट झाली तर बोल कोरडा येतो, सैल झाली तर पसरते. थोरल्या काकू बोटाने दाबून बघतात. ‘कानाच्या पाळीवानी मऊ पाहिजे गं,’ म्हणतात. भजन संपलं की खरवडून गायीला द्यायची.

दर एकादशीला कणीक वेगळ्या घरची. असं कुणी ठरवलं नव्हतं. आता मात्र ज्या घरची पाळी असते, त्या घरची बाई भजन चुकवत नाही.

*

देवळाने आम्हा भजनाच्या बायकांना दिलं ते एवढंच : सभामंडप, दोन सतरंज्या, एक दिवा, टाळांची पेटी आणि कुलपाची किल्ली. मला किल्लीचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. घराबाहेर बायकांनी दोन तास नुसतं बसावं, अशी जागा आमच्या गावात दुसरी कुठली आहे? पारावर पुरुष, दूध डेअरीवर पुरुष. ‘देवळात भजनाला चालले’ म्हटलं की सासूही अडवत नाही.

*

पूर्वी भजन रात्री नऊला असायचं. आता साडेचारला. जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि बिबट्या उसातच राहायला लागला. मादी पिल्लं घालते तीही फडातच. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण वस्तीवरून चालत येणाऱ्या बाईला रस्त्यावरच्या अंधाराचीच काळजी. म्हणून दिवस असताना बसायचं. तरी गौळणी रंगल्या की उशीर होतोच. मग सगळ्या मिळून निघायचं, एकीच्या हातात बॅटरी, दोघींच्या हातात टाळ. शेवटची वस्ती येईपर्यंत टाळ थांबवायचे नाहीत. मळ्यातल्या वहिनी म्हणाल्या, ‘मला तर हेच भजन जास्त आवडतं.’

*

एक मावशी दोन वर्षांपूर्वी यायला लागल्या. नवरा गेल्यावर वर्षभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मागे खांबाला टेकून बसल्या. काकूंनी काही न विचारता टाळ हातात दिले. तीन महिने त्या फक्त टाळ वाजवत होत्या, तोंड मिटून. कुणी ‘म्हणा ना’ म्हटलं नाही. एका एकादशीला हरिपाठ चालू असताना शेजारून बारीक, जरा बेसूर आवाज आला. मी मान वळवली नाही. कुणीच वळवली नाही.

आवाज बघून आमच्यात कुणाला घेत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. स्पर्धेला जाणारी मंडळं आहेत, एका रंगाच्या साड्या, पेटीवाला बाहेरून बोलावलेला. त्यांचं गाणं सुरेख असतं. पण तिथे या मावशी पहिल्याच दिवशी परत गेल्या असत्या.

*

भजन देवळाबाहेरही रुजलं. नगर इथून फार लांब नाही. तिथल्या ख्रिस्ती मंडळींत अभंग आणि भजन रुजवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. परक्या चालींवर आपली माणसं मनातलं मोकळं बोलत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१९ मध्ये ते गेले, त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर घरीच अक्षरं गिरवलेल्या बाईने.

आमच्या काकूंना तर अक्षरओळखही नाही. वही मात्र आहे. नातीकडून लिहून घेतलेली, पानागणिक वरच्या कोपऱ्यात एक खूण : तुळस, चूल, बैल, चांदणी. खूण बघून अभंग आठवतो. चूल असलेलं पान जनाबाईंचं.

*

गावच्या हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून ती गळ्यात घेतो. पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि या सगळ्यात वीणा उभीच. आमच्या गावात बाईला पहारा मिळत नाही. दुपारी दोन ते चार भजन तेवढं आमचं, मंडप रिकामा असतो तेव्हाचं. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांचे अभंग त्याच मंडपात म्हणायचे आणि वीणा मात्र लांबून बघायची, हे मला लागतं. यंदाही सप्ताहाच्या मंडळींना विचारलं. ‘बघू’ म्हणाले. पुढच्या वर्षीही विचारणार.

*

श्रावणात एका सोमवारी ओतूरला जायचं ठरलंय. कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी रचतात त्या बघायच्या, आणि शेजारीच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी, तिथे तासभर बसायचं. टेम्पोचं भाडं वर्गणीतून. मावशींनी सगळ्यात आधी पैसे दिले.

*

पखवाज आता नववीतली पोरगी वाजवते. बोटं अजून कोवळी, दोन अभंगांतच लाल होतात. आज तिने धुमाळी न चुकता धरली. कणीक जरा सैल झाली होती, माझीच चूक. तिने उजवा हात चालू ठेवून डाव्याने ती सारखी केली, ठेका सोडला नाही.

पुढची एकादशी कामिका. पाळी मावशींची. आत्ताच विचारून गेल्या, पाणी किती घालायचं.