बिचाऱ्या बॅटरीचा काय दोष?

लॅपटॉप चार्जिंगला लावला की रडतखडत चालायचा आणि चार्जर काढला की पुन्हा पळायला लागायचा. खरं तर उलटं व्हायला हवं. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर माउस नेला की ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ अशी ओळ यायची आणि आकडा 41 टक्क्यांवर अडलेला असायचा. वायरला कुठे धक्का लागला तर मध्येच 42, 43 असा चढायचा, की परत ठप्प.

मी घरी बसून अनुवादाचं काम करते. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट येते-जाते, त्यामुळे बॅटरी भरलेली असणं ही चैन नव्हे, गरज आहे. ज्याला त्याला सांगितलं, आणि प्रत्येकाचा निकाल तयार होता : “बॅटरी गेली.” लॅपटॉप चार वर्षांचा झालेला, म्हणजे ते पटण्यासारखंही होतं. पण नव्या बॅटरीचा भाव ऐकला, तो साडेतीन हजारांच्या पुढे निघाला. एवढे पैसे घालायचे तर आधी खात्री करून घ्यावी, असं ठरवलं.

सुरुवात भिंतीपासून केली. स्पाइक बस्टर बाजूला ठेवून चार्जर थेट सॉकेटमध्ये लावला. भिंतीपासून अडॅप्टरपर्यंत येणारी जाड कॉर्ड वापरून वापरून सैल होते, म्हणून ती बदलून पाहिली. फरक नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून बऱ्याच कंपन्या 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग देतात. ती चालू असेल तर तो बिघाडच नसतो. माझ्याकडे ती बंद होती. मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज याने निघून जाते आणि चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर नव्याने सुरू होतो. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, मला पडला नाही.

आता बॅटरीचीच तपासणी. विंडोजमध्ये याची सोय आहे, फुकट आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप केलं, की ब्राउझरमध्ये उघडणारा एक अहवाल तयार होतो. त्यातल्या दोन ओळी महत्त्वाच्या. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना बॅटरीत किती मावत होतं, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज किती मावतं. माझ्याकडे पहिला आकडा 42,000 मिलीवॅट-अवर होता आणि दुसरा 34,000च्या आसपास. म्हणजे चार वर्षांत पाचवा हिस्सा झिजला होता. लिथियम-आयन बॅटरी वापराने, उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भरून ठेवल्याने झिजतेच. त्या मानाने माझी ठणठणीत होती. ज्या बॅटरीवर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं, ती सुटली.

मग लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये शिरले. तिथे बॅटरीच्या पानावर जोडलेल्या अडॅप्टरचीही नोंद होती. ‘65 वॅट’ असं असायला हवं होतं, तिथे लिहिलं होतं ‘अननोन’. चार्जरवरचा दिवा तर छान लागलेला!

एवढा पुरावा घेऊन बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. पुण्यात वायर, पिन, सर्किट, दिवे काहीही अडलं की पाय तिकडेच वळतात. जिन्याखालच्या एका चिंचोळ्या दुकानात एक तरुण भिंग लावून मदरबोर्डावर काम करत होता. माझं सगळं ऐकून त्याने अडॅप्टर भिंतीत लावला आणि मल्टिमीटरचे प्रोब पिनेला टेकवले. आकडा आला 19.5.

“व्होल्टेज बरोबर आहे, मॅडम. पण मधली पिन बोलत नाही.”

माझ्या चार्जरची गोल पिन त्याने दिव्याखाली धरली. बाहेरचं नळकांडं म्हणजे ऋण टोक, त्याच्या आतला पृष्ठभाग धन टोक. आणि अगदी मध्ये सुईसारखी एक काडी. या काडीतून वीज पुरवली जात नाही, फक्त माहिती जाते. अडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते. ‘मी 65 वॅटचा आहे’ हे ती या पिनेतून लॅपटॉपला कळवते. गेटवरच्या वॉचमनने ओळखपत्र नाही म्हणून आपल्याला दाराशीच ताटकळत ठेवावं, तसं लॅपटॉपचं झालं होतं. वीज येत होती, पण अडॅप्टरची ताकद किती, हे कळत नव्हतं. अशा वेळी लॅपटॉप सावध होतो. अनोळखी अडॅप्टरवर भार नको म्हणून बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. चार्जर काढला की बॅटरीवर पुन्हा मोकळा धावतो. उलटं वाटणारं वागणं मुळात उलटं नव्हतंच.

दोष अडॅप्टरमध्ये की लॅपटॉपच्या जॅकमध्ये, हे ठरवायला त्याने स्वतःकडचा तसलाच, चालू असलेला अडॅप्टर माझ्या लॅपटॉपला लावला. आकडा लगेच चढू लागला. जॅक हलवून पाहिला, घट्ट होता. मग त्याने माझ्या अडॅप्टरची वायर पिनेपासून चार बोटांवर कापली आणि ब्लेडने काळं आवरण सोलत नेलं. तांब्याच्या जाड तारा शाबूत होत्या. त्यांच्यामधून जाणारी केसासारखी बारीक तार मात्र पिनेजवळच्या वळणावर तुटलेली, टोकं कधी टेकणारी, कधी सुटणारी. आकडा मधूनच चढायचा, तो त्यामुळे. वायर अडॅप्टरभोवती घट्ट गुंडाळली किंवा पिनेपाशी वाकवून बॅगेत कोंबली की ताण नेमका याच जागी येतो.

अडॅप्टरचं खोकं हलक्या हाताने ठोकून उघडून त्याने नवी वायर सोल्डर करून दिली. बॅटरीच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. हे काम घरी करायचं नाही, हे त्याने बजावून सांगितलं आणि ते खरंच आहे. भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीचं अडॅप्टरमध्ये आधी सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतं, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ते काही वेळ टिकून राहू शकतं.

नवा चार्जर घ्यायची वेळ आलीच, तर व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. अडॅप्टरच्या पाठीवर भारतीय मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, तेही बघावं. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरना भारतीय मानक ब्यूरोची ही नोंदणी सक्तीची आहे. स्वस्तातल्या काही नकली अडॅप्टरांत ओळख सांगणारी चिपच नसते, आणि मग नव्या चार्जरवरही तेच रडगाणं सुरू होतं.

टाइप-सी आलं म्हणून ही ओळख-परेड संपलेली नाही. भाचीचा नवा लॅपटॉप फोनच्या चार्जरवर मुंगीच्या पावलांनी भरत होता, तेव्हा हे ध्यानात आलं. या पद्धतीत चार्जर आधी फक्त 5 व्होल्ट देतो. दोघांचं बोलणं झालं, की गरजेप्रमाणे 9, 15, 20 व्होल्टपर्यंत चढतो. केबलसुद्धा या बोलण्यात असते. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरपर्यंतच, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅटच नेते. त्याहून जास्त न्यायचं तर केबलमध्येही चिप लागते. म्हणून टाइप-सी लॅपटॉप नीट भरत नसेल तर चार्जरइतकाच संशय केबलवरही घ्यावा.

माझं सांगणं एवढंच, की भिंतीकडून लॅपटॉपकडे जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला : सॉकेट, कॉर्ड, चार्जर, केबल, जॅक. बॅटरीचा अहवाल काढा, बायॉस बघा, ओळखीच्याचा तेवढ्याच वॅटचा चार्जर लावून पाहा. नव्या बॅटरीचे पैसे सगळ्यात शेवटी. याला अपवाद एकच. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा लॅपटॉपचा तळ फुगलेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तेव्हा काहीही तपासत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, आणि थेट दुकान गाठा.