ठेका आणि बोल

आपल्याच बोलण्याची लाज वाटू लागावी, यासारखे दुसरे दुःख विद्यार्थिदशेत क्वचितच असेल. गणित चुकले तर ते पुन्हा सोडविता येते. परंतु तोंडून निघालेला शब्द ऐकून सारा वर्ग हसला, की तो शब्द काही परत घेता येत नाही. आम्हां दोघां जुळ्या भावांच्या वाट्याला हे दुःख आले. ते ज्या एका गाण्यामुळे हलके झाले, त्याची ही हकीकत आहे.

आमचे घर कन्नौदला. इंदुराहून नेमावरकडे, नर्मदेच्या दिशेने जो रस्ता जातो, त्यावरचे हे देवास जिल्ह्यातील गाव. पूर्वी हा मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानात होता. त्या संस्थानच्या नोकरीत आमचे पणजोबा इकडे आले आणि इकडचेच झाले. घराचा उंबरठा हीच आमच्या भाषेची सीमा. आत मराठी, बाहेर पाऊल टाकले की हिंदी आणि माळवी. दिवसातून पन्नास वेळा हा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलांच्या मराठीला बाहेरची धूळ लागायचीच. 'मी येत आहे' असे न म्हणता आम्ही 'मी येऊन राहिलो' असे म्हणतो. त्यात काही वावगे आहे, हे कन्नौदला आम्हांस कधी कोणी सांगितले नव्हते.

२०२३ च्या जून महिन्यात वडिलांनी आम्हांस महाराष्ट्रात आत्याकडे शिकावयास पाठविले. पहिल्याच आठवड्यात सरांनी गृहपाठाची वही मागितली. दप्तर चाचपीत आमच्यापैकी एकाने नम्रपणे उत्तर दिले, "सर, शोधून राहिलो!" क्षणभर शांतता पसरली आणि मग सारा वर्ग खो खो हसला. मुले दुष्ट नव्हती. त्यांना केवळ गंमत वाटली. परंतु पुढे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत "काय करून राहिला रे?" हा प्रश्न आमचा पाठलाग करीत असे. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून पाहू लागलो. तपासणीत निम्मी वाक्ये आतच राहून जात.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही घरी गेलो. एके संध्याकाळी शेजारचा मुलगा मोबाईल हाती घेऊन धावत आला. त्यावर एक गाणे लागले होते आणि ते चक्क मराठीत होते! "भैया, ये तांबडी क्या होता है?" त्याने विचारले. 'चामडी' हा शब्द त्याला हिंदीमुळे कळला होता. 'तांबडी'पाशी गाडी अडली होती. खरे सांगावयाचे तर तो शब्द आमच्याही तोंडून गेलाच होता. आम्ही सर्रास 'लाल' म्हणत असू. आजी मात्र अजून पहाटेस 'तांबडे फुटले' असे म्हणते. ते आठवून आम्ही सांगितले, "तांब्याच्या रंगाची." तांबे त्याच्याही घरात होते, तो तत्काळ समजला आणि नाचू लागला. आमच्या मराठीचा अर्थ कोणी आवडीने विचारावा, असा हा आम्हांस आलेला पहिलाच अनुभव.

ते गाणे होते 'तांबडी चामडी'. २०२४ साली प्रसिद्ध झालेले हे एकच सुटे गाणे. अशा गाण्यास 'सिंगल' म्हणतात. ते दोघांनी मिळून केले. 'क्रेटेक्स' या नावाने संगीत करणारे कृणाल घोरपडे हे त्याचे संगीतनिर्माते आणि श्रेयस सागवेकर हे त्यातील रॅपर. येथे निर्माता म्हणजे पैसा घालणारा नव्हे. ठेका बसविणे, नाद निवडणे, ते एकमेकांत गुंफणे हे त्याचे काम. रॅपर तो, जो शब्द सुरांत न आळविता तालावर बोलतो. गाण्याचा ठेका 'हाऊस' या जातीचा आहे. हे नृत्यसंगीत १९८० च्या सुमारास अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आले. त्यात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. हे मराठी गाणे नेदरलंड्समधील 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या कंपनीने प्रसिद्ध केले, हे वाचून आम्ही थक्क झालो. आजीला मात्र त्याचे कौतुक वाटले नाही. "चामडी काय म्हणायचे? कांती म्हणावे!" एवढे बोलून ती अनारशांकडे वळली.

आजोबांचे मत निराळे पडले. ते भजनात तबल्याची साथ करतात. प्रथम त्यांनी आवाज कमी करावयास सांगितले. नंतर त्यांची बोटे गुडघ्यावर चालू लागली. "चारही मात्रांवर सारखाच घाव! अरे, आमच्या तालात एखादी खाली तरी असते," ते म्हणाले. पुन्हा एकवार गाणे ऐकून त्यांनी पुस्ती जोडली, "पण साथ करणाऱ्याने बोलांना जागा सोडावी लागते. नाही तर नुसता ठेकाच ऐकू यायचा. हा जागा सोडतो."

मग ते आपल्या देवासच्या नोकरीच्या दिवसांत शिरले. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. गाण्यास मनाई. जन्माने ते कानडी मुलखातले. त्या सक्तीच्या मौनात त्यांच्या कानी माळव्यातील लोकगीते पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी त्या लोकधुनांतून नवे राग बांधले आणि माळव्याची गाणी मोठ्या रंगमंचावर मांडली. "एवढा मोठा गवई, पण त्यांनी खेड्यातल्या बोलांना आपल्या गाण्यात जागा दिली," आजोबा म्हणाले. "तुमच्या बोलण्यात माळवा आला तर लाजता कशाला? मात्र शाळेची मराठीही नीट शिका. ठेका सोडून म्हटलेले बोल कितीही चांगले असले, तरी कोणी ऐकत नाही."

सुट्टी संपवून परत आल्यावर हे रॅप मुळात आले तरी कोठून, याचा आम्ही शोध घेतला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून आपल्या इमारतीच्या दिवाणखान्यात एक कार्यक्रम ठेवला. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह होता. तोच पुढे 'कूल हर्क' म्हणून प्रसिद्धी पावला. हे कुटुंब जमैका बेटावरून तेथे आलेले. तबकडीवर गाणे थांबून नुसता ताल वाजतो, तेवढ्याच तुकड्याला मुले अधिक रंगून नाचतात, हे क्लाइव्हने हेरले होते. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा आलटूनपालटून लांबवीत असे. त्या लांबविलेल्या तालावर माणसे बोलू लागली आणि त्यातूनच हिप-हॉप वाढले. वाचता वाचता आम्हांस आजोबांची 'जागा' आठवली. परमुलखातून आलेल्या एका मुलाने ठेक्यात जागा केली, आणि तीत ज्याला जसे बोलता येत होते तसे तो बोलला!

आम्हीही प्रयत्न करावयाचे ठरविले. एकाने मोबाईलवर ठेका बांधला, दुसऱ्याने बोल लिहिले. विषय होता हरवलेली वही. पहिल्या तालमीतच भांडण झाले. ठेका बांधणाऱ्याने ढोल, झांजा, बासरी असे काय काय भरले होते. त्यात बोल बुडून गेले. लिहिणाऱ्याचाही दोष होताच. त्याच्या ओळी ठेक्याबाहेर सांडत होत्या. मग एकाने बासरी काढली, दुसऱ्याने चार शब्द छाटले. एकाने झांजा काढल्या, दुसऱ्याने एक आवडती ओळ सोडून दिली. शेवटी चार ठोके, एक टाळी आणि बारा ओळी एवढेच उरले.

स्नेहसंमेलनात आम्ही ते सादर केले. छातीत धडधडत होते. बोल शुद्ध मराठीत चालले होते. परंतु प्रत्येक चार ओळींनंतर ठेका थांबे आणि त्या रिकाम्या जागी 'शोधून राहिलो!' एवढेच येई. आमचा वर्ग पुन्हा खो खो हसला. मात्र या वेळी आम्हांस जेथे हसू हवे होते, नेमका तेथेच हसला. तिसऱ्या वेळी तर ते दोन शब्द आम्हांस उच्चारावेच लागले नाहीत. साऱ्या मुलांनीच ते आमच्याआधी म्हटले.

ध्वनिमुद्रण कन्नौदला पाठविले. आजीचा निरोप आला, की वही सापडली का ते कळवावे. आजोबांनी तीन वेळा ऐकून एवढेच सांगितले, की शेवटच्या चार ओळींत ठेका जरा घाई करतो.

ते आम्ही सध्या दुरुस्त करून राहिलो आहोत.