नळीच्या टोपणाचा रंग

रुग्णालयात डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. भिंतीपलीकडे आपले रक्त तपासणारा मात्र आपणांस क्वचितच दिसतो. आमची पुतणी बारावीनंतर कम्युनिटी कॉलेजात तीच विद्या शिकू लागली, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग ही होणार तरी कोण?"

उत्तर आम्हांस तिच्या वहीत सापडले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य घालतात, त्यात पोटॅशियम असते. त्या नळीतील रक्त लाल टोपणाच्या नळीत थोडे जरी गेले, तरी पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते. धडधाकट माणूस अत्यवस्थ ठरावा! म्हणून कोणती नळी आधी व कोणती मागाहून, हा क्रम तिला पाठ करावा लागतो.

अशी कॉलेजे आपल्या देशात फार जुनी नव्हेत. पाँडिचेरीत १९९५ साली एक निघाले. १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने गोरगरीब मुलांसाठी दुसरे काढले.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने मात्र या व्यवसायास माप लावून दिले आहे: दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण. तरीही सहा महिन्यांत 'टेक्निशियन' करून देण्याच्या जाहिराती बेळगावच्या बाजारात आम्ही वाचल्या आहेत. प्रवेशापूर्वी अशाच एका ठिकाणी आम्ही तासांची चौकशी केली. तेथील कारकुनाने फीचा आकडा तेवढा दोनदा सांगितला.